चार वाजताचे थेंब

४ जानेवारी
खोली मिळाली! वरच्या मजल्यावरची, दोन खिडक्यांची. नोकरी आणि खोली एकाच आठवड्यात, म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. खाली घरमालकीण एकट्याच राहतात. शाळेत गाणं शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. मुलगा आणि सात वर्षांची नात दुसऱ्या गावी असतात. बाईंना दमा आहे. बोलता बोलता छातीतून शीळ वाजते. त्या हसून म्हणाल्या, गळ्यातले सूर रुसले आणि छातीत जाऊन बसले. काही लागलं तर काठीने छताला दोनदा ठोकेन, दचकू नकोस, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, खुशाल ठोका, मला कोणीतरी उठवायला हवंच असतं.

७ जानेवारी
झाडपाल्याच्या औषधांच्या दुकानात रुळले. निळ्या पिंपातलं निलगिरीचं तेल नरसाळ्याने तपकिरी बाटल्यांत भरायचं, ड्रॉपरचं झाकण बसवायचं, लेबल चिकटवायचं: ‘मोकळ्या श्वासासाठी, रोज’. मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, झाडपाल्याचं आहे, अपाय कसला? ते वाक्य मला पाठ झालंय, आणि खरं सांगायचं तर मी ते त्यांच्यापेक्षा झोकात म्हणते. दुपारी पिंप जरा भिंतीकडे फिरवून ठेवलं. कोपरा नीटनेटका दिसतो आता.
घरी आले तर बाई म्हणाल्या, तू जिन्यावर असतानाच माझं नाक मोकळं होतं.

१३ जानेवारी
बाईंसाठी एक बाटली आणली. चमचाभर साखरेवर तीन थेंब, दुपारचा चहा झाल्यावर. माझी दुकानातली पाळी तीनला संपते, त्यामुळे चारला मी घरी असतेच. बाईंनी डोळे मिटून चमचा तोंडात घातला, खोल श्वास घेतला आणि एक अख्खी ओळ न थांबता गायल्या. किती वर्षांनी, म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही. कोणाच्या तरी उपयोगी पडल्याचं सुख काही औरच. आयुष्यात मला असं कोणी वाखाणलं नव्हतं.

२१ जानेवारी
आता रोज चारच्या ठोक्याला छताला ठक् ठक्. मी खाली जाऊन थेंब मोजते. तिनाचे पाच झाले. डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप बाईंनी खणात टाकलाय. पंपाची सवय लागते, हे त्यांना मीच सांगितलं. कुठून ऐकलं होतं, देव जाणे. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण बाई खुशीत आहेत. मुलाला फोनवर सांगत होत्या, वरची पोर म्हणजे माझं औषधच आहे.

३० जानेवारी
बाईंच्या पोटात जळजळतं. उठताना भोवंडतं. मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, अंगातलं साचलेलं बाहेर पडतंय, थेंब वाढवा. आठ केले.

५ फेब्रुवारी
आज बाईंना ठसका लागला. चमचा तोंडात असतानाच गाऊन दाखवायला गेल्या आणि तेल श्वासनळीत गेलं. खूप वेळ खोकत होत्या, ओठ निळसर झाले होते. मी पाठ चोळली. म्हटलं, कफ सुटतोय, बाई. त्यांनी मान डोलावली. माझ्यावर किती विश्वास त्यांचा.

८ फेब्रुवारी
ताप. धाप. शीळ आता वरपर्यंत ऐकू येते. मुलगा आला आणि त्यांना इस्पितळात घेऊन गेला. जाताना बाईंनी माझा हात धरला होता.

९ फेब्रुवारी
इस्पितळात गेले होते. डॉक्टरांनी मुलाला विचारलं, आई काही घरगुती उपाय करत होत्या का, तोंडावाटे काही घेत होत्या का? मुलाने माझ्याकडे पाहिलं. रोज त्यांच्याजवळ तुम्हीच होतात, म्हणाला.
मी म्हटलं, नाही. काही नाही.
नोकरी जाईल, खोली जाईल, असं त्या क्षणी डोक्यात आलं. खोटं कशाला बोलू, एवढंच आलं. बाईंचा विचार नंतर आला, बाहेर रस्त्यावर आल्यावर. परत फिरले नाही.

११ फेब्रुवारी
बाई गेल्या.

१२ फेब्रुवारी
सात जानेवारीला मी लबाडी केली. दुकानात नव्हे, इथे, या वहीत. पिंप मी कोपरा नीटनेटका दिसावा म्हणून फिरवलं नव्हतं. त्याच्यावर लाल अक्षरांत छापलं होतं: ‘फक्त बाहेरून वापरण्यासाठी. पोटात घेऊ नये.’ एक गिऱ्हाईक ते वाचू लागलं म्हणून मालकांनी मला डोळ्याने खुणावलं, आणि मी फिरवलं. म्हणजे मला माहीत होतं. पहिला थेंब मोजला तेव्हाही माहीत होतं. वाटलं, छापायचं म्हणून छापतात.
डॉक्टर मुलाला म्हणाले, पहिल्याच दिवशी काही कळलं असतं तर. तेवढंच म्हणाले.

१६ फेब्रुवारी
मुलगा आणि नात घर आवरायला आलेत. नात बाईंसारखीच हसते. तिला खोकला आहे. घरातली धूळ, दुसरं काय.
चारला खालून छताला ठक् ठक्. मी सवयीने धावत खाली गेले. दाराला कुलूप होतं. दोघं बाजारात गेली होती.

१८ फेब्रुवारी
आज तीन ठोके. भर उन्हात, रस्त्यावर वर्दळ असताना. बाईंची काठी तर मुलाने परवाच कोणाला तरी देऊन टाकली.
चोराच्या मनात चांदणं, असं स्वतःला बजावलं. मग खालून शीळ आली.

१९ फेब्रुवारी
पाच.
मी कान झाकून बसले होते. पायांना कळले.

२० फेब्रुवारी
मुलगा निरोप घ्यायला वर आला. हातात तपकिरी बाटली. आईच्या उशाशी सापडली, म्हणाला. पोर आत्ता सांगतेय, आजी तिला फोनवर या तेलाचे किती गोडवे गायची, तुम्हालाही ठाऊक नसेल. आता पोरीला देईन, साखरेवर, तिच्या आजीसारखं.
मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तो माझ्याकडे बघत थांबला. डोळे पाणावलेले होते त्याचे. म्हणाला, तुम्ही आईचं फार केलंत.
मी तोंड मिटलं. गाडी गेली. खिडकीतून पोर हात हलवत होती —

२१ फेब्रुवारी
आठ. फोन करायचा. उद्या नक्की.

२२ फेब्रुवारी
केला नाही. नंबर समोर आहे. काय सांगू — तुमच्या आईला मी — आणि आता तुमच्या —
आठ ठोके. नंतर बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. हलका. जमिनीला लागला न लागला असा. हात पुरत नसलेल्या कोणीतरी टाचा उंचावून मारल्यासारखा.

२३ फेब्रुवारी
हलके तीन. बाईंचे आज नाहीतच. फक्त हलके. तीन.
तिनापासूनच सुरुवात केली होती. मीच केली होती.

२४ फेब्रुवारी
हलके पाच. दुकानात गेले नाही. कपडे तीनदा धुतले तरी वास जात नाही. खाई त्याला खवखवे — माझ्याच घशात —

२५ फेब्रुवारी, पावणेचार
आता करतेच. बोलताना जीभ अडखळेल, म्हणून आधी इथे लिहिते, वाचूनच दाखवते:
ती बाटली फेकून द्या. पोरीला आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या. ते तेल पोटात घ्यायचं नसतं. मला माहीत होतं. तुमच्या आईला मी दिलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. पोरीच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा.
नंबर फिरवला. फोन कानाशी धरलाय, पेन्सिल सोडवत नाही. वाजतोय.
चार वाजले. खालून सुरू झालं. एक. दोन. तीन — हलकेच —
उचला. देवा, उचला —
पाच. सहा —
उचलला. मी बोलतेय, वाचून दाखवतेय, सगळं वाचतेय, पलीकडे कोणी काहीच — हॅलो म्हणा ना —
सात —
फोनमधून ऐकू येतंय. शीळ. बाईंचीच. मला माहीत आहे ती. आणि तिच्या मागोमाग दुसरी, बारीक, अगदी नवी —
आठ. खालून नाही. माझ्या दारा