पाइपची पट्टी

मंगळवार, संध्याकाळ

आज माझं चुकलं का, तेच कळत नाहीये. पंधरवड्यातून एकदा मी सांगलीहून जतच्या दवाखान्यात जाते, अधू हातांना पुन्हा कामाला लावायला. आज बिराप्पामामा आले होते. मेंढरं राखतात; लकव्यानंतर उजवी मूठ उघडत नाही. बोटं सरळ धरणाऱ्या कडक पट्ट्या करायचं खास प्लास्टिक संपलंय, मागणी करून थकले. शेवटी पाण्याचा पाइप चिरला, तापवून वाकवला, वर कापड शिवलं. बोटं सरळ राहिली, पण अंगठ्याखाली लाली उठली. पट्टीची कड घासली, तरी लाली थोडी राहिलीच. अशी पट्टी द्यावी? की मूठ तशीच आखडू द्यावी?

दिली.

जाताना मामांनी विचारलं, "बाई, ही खरी दवाखान्याचीच पट्टी न्हवं?"

मी "हो" म्हणाले. का म्हणाले?

ती लाली डोळ्यांपुढून हलेना. घरी येताच फोन लावला. लाल दिसलं की लगेच काढा म्हटलं, आणि पाइपचंही सांगून टाकलं.

मामा हसले. "ते हात घालताच वळखलं. रानात तसलाच पाइप हाय."

"मग विचारलंत कशाला?"

"तुमी काय सांगताय ते बघत व्हतो."

आता पुढच्या खेपेला माझं ऐकतील की नाही, काही कळत नाही.