ह्यांच्या खुर्चीसमोरचा डाग

सोमवार, ३ नोव्हेंबर

परत! दुकानातून आले, चप्पल काढतेय तोवर दिसलंच. ह्यांच्या खुर्चीसमोर गालिचा ओलाचिंब, दोरे उपसलेले आणि मधोमध पिवळट-तपकिरी डाग. साहेब शेजारी बसलेला, शेपटी आपटत.

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. नाव ह्यांनीच ठेवलेलं — "जन्मभर ऑफिसातल्या साहेबाचं ऐकलं, आता घरातल्या साहेबाचं ऐकू." पोस्टमन होते. रिटायर झाले आणि हे लोढणं माझ्या गळ्यात आलं.

लग्न झाल्यापासून माझ्या एकटीच्या पसंतीनं घरात आलेली वस्तू एकच, हा गालिचा. तोच बरा सापडला मेल्याला!

मंगळवार, ४

आजही. त्याच जागी. पुसलं. झोपते.

शुक्रवार, ७

व्हिनेगर झालं, खायचा सोडा झाला, लिंबाची सालं झाली. काल कुत्र्यांसाठीचा कडू फवारा आणला. साहेबानं तोंड वाकडं केलं, शिंकला, आणि परत चाटायला बसला. हात टेकले मी!

दिवसभर ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर लोकांचे डाग बघायचे — हा चहाचा, हा शाईचा, ही लिपस्टिक, "घरी कळू देऊ नका हं" — आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा डागच घासायचे. गुडघे बोलायला लागलेत.

हे नुसते बघत बसतात. "अगं, मुका जीव आहे तो." तो मुका जीव, आणि मी काय दगड?

रविवार, ९

भावाचा फोन आला होता. त्याच्याकडे मोठं अंगण आहे. मी बोलून टाकलं — ह्याला घेऊन जा बाबा एकदाचा. ह्यांनी ऐकलं. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "तो आहे म्हणून घराबाहेर पडतो मी. नाहीतर दिवसभर माझ्याशी बोलतंय कोण?"

खरंच होतं ते. मी दुकानात, मुलगी परगावी. त्यात ह्यांना साखर. गोळ्या आठवल्या तर घेणार, तपासणीचं नाव काढलं की चिडणार. निदान कुत्र्यामागे चार पावलं चालणं तरी होतं. म्हटलं, बरं, राहू दे. पण पुन्हा गालिच्याला तोंड लावलं तर मी ऐकणार नाही. ह्यांचा चेहरा असा खुलला की मलाच वाईट वाटलं.

बुधवार, १२

आज जरा डोकं लावलं. डागावर गार पाणी टाकलं — सुटला. म्हणजे रक्त! गरम पाण्यानं पक्का बसला असता. नुसतं रक्त नाही, त्यात आणखी काहीतरी आहे. वासही येतो, कुजकट. डागाच्या बाबतीत माझा अंदाज चुकत नाही, दुकानातला इस्त्रीवालासुद्धा मलाच विचारायला येतो. साहेबाच्या हिरड्या सडल्या असणार. तोंड शिवशिवतं म्हणून गालिचा चावत असेल बिचारा. आणि मी उठता-बसता शिव्या देत होते!

शुक्रवार, १४

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी जबडा उघडून आत टॉर्च मारला. "दात एकदम झकास. हिरड्यापण. ह्याला काहीसुद्धा झालेलं नाही."

घरी येईपर्यंत माझा पारा चढला होता. दुखत नाही, खुपत नाही — मग निव्वळ माज! अर्धा दिवस दुकान बुडवलं मी ह्याच्यासाठी. दार उघडलं तर हा सुटला, सरळ ह्यांच्या पायांत शिरला, चाटाचाट सुरू. हे खूश. "बघ, साहेबांना माझ्याशिवाय करमत नाही!" मी तिथंच उभ्या उभ्या भावाला फोन लावला.

रविवार, १६

भाऊ घेऊन गेला. साहेब गाडीत चढेना. पट्टा ओढत दारापर्यंत परत आला, आत बघत राहिला. हे खुर्चीतून उठले नाहीत. आतूनच ओरडले, "नेतोयस तर ने ना लवकर!"

मला वाटलं होतं, मोकळं मोकळं वाटेल. कसलं काय. स्वयंपाकघरात जाऊन रडले. भांडी तशीच राहिली.

मंगळवार, १८

गालिचा दुकानातून धुऊन आणला. डागाचा मागमूस नाही. खुर्चीसमोर अंथरला, ह्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. फिरणं बंद आहे. अंगात कणकण म्हणतात. हात लावून बघितलं, चांगलाच ताप आहे. "कुत्र्याच्या विरहानं ताप आला का?" — मी आपली थट्टा केली. हसले नाहीत. पांघरूण ओढून खुर्चीतच झोपले. उद्या रजा टाकून डॉक्टरकडे नेते, चिडले तर चिडू देत.

बुधवार, १९

सकाळी चहा घेऊन गेले. खुर्चीसमोर डाग. तोच. ओला.

घरात कुत्रा नाही.

खाली बसले, ह्यांचा पाय उचलून बघितला. तळव्याला भोक पडलंय, माझं बोट जाईल एवढं.

"काय बघतेस गं?" म्हणाले. "काही दुखत नाही."