वयासमोरचं उणे चिन्ह

बाई, तुम्ही गेल्यानंतर इतक्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. आज लिहितेय, कारण मला जबर धक्का बसलाय आणि ऑफिसात तो कुणाला सांगून कळेल असं वाटत नाही.

मी कळंबोलीच्या एका वाहतूक कंपनीत आकडेवारीचं काम करते. ट्रकचे अपघात कशाने वाढताहेत, असं साहेबांनी विचारलं होतं. मी सहसंबंध काढला. ड्रायव्हरचं वय जास्त तिथे अपघात जास्त, अगदी ठसठशीत. साहेबांना तसा ईमेल केला, साहेब खूश. पन्नाशीपुढच्यांना घरी बसवायच्या गोष्टी सुरू झाल्या. अहवालावर सही करण्याआधी मला कुठेतरी खटकलं, म्हटलं एकदा पथ विश्लेषण करून बघू. कुठलं कारण थेट पोचतं आणि कुठलं दुसऱ्याच्या आडून, ते त्यात वेगळं होतं. पण त्यात कारणाकडून परिणामाकडे जाणारे बाण आपणच काढायचे असतात, आणि तिथेच मला तुम्ही आठवलात.

तुमचं पनवेलचं स्वयंपाकघर, जिथे मी तुमच्याकडे संख्याशास्त्र शिकायला यायचे. तुम्ही ओट्यापाशी बोंबील साफ करताय, मी पाटावर कागद पसरून बसलेय. मागच्या दारात कोळीण, तिच्यामागे मांजर. तुम्ही विचारता, "कोळीण येते तेव्हा मांजर येतं. मग मांजर कोळणीला घेऊन येतं का गं?" मी हसते. "हसू नकोस. सहसंबंधाला दोन्ही सारखंच. कोण पुढे, कोण मागे, त्याला कळत नाही." मग मी उत्साहाने कागदभर बाण काढले, तर तुम्ही मासळीच्या हातानेच तो चुरगळलात. "कुणाला विचारून काढलेस? आकडे बाण काढत नाहीत. ज्याचं काम आहे त्याला जाऊन विचार. ते जमत नसेल तर नुसता सहसंबंध सांग आणि गप्प बस." मला इतका राग आला की मी चहाही न घेता निघाले. तुम्ही मात्र दारात सुकटाची पुडी माझ्या हातात कोंबलीत.

म्हणून ट्रक टर्मिनलवर गेले. कुठली गाडी कुणाला, ते कसं ठरवता, असं तिथल्या मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "त्यात काय ठरवायचा, मॅडम? खटारा गाडी जुन्या मानसाला. तो सांभालून घेतो. नव्या पोराला दिली तर पळस्प्याच्या पुढं नाय जायची." पूर्वापार चालत आलेली रीत, आमच्या कुठल्याच आकड्यात नसलेली.

कुठली गाडी किती जुनी, त्या नोंदी जोडून मी बाण काढले, वयाकडून गाडीकडे, गाडीकडून अपघाताकडे, आणि एक वयाकडून थेट अपघाताकडे. वयाचा थेट परिणाम बघितला. उणे. बाई, उणे! मी स्क्रीनकडे बघतच राहिले. गाडीचा दोष बाजूला काढला तर वयामुळे अपघात कमीच होत होते. ज्यांना आम्ही अपघाताचं कारण म्हणत होतो, तेच अपघात टाळत होते. पुन्हा करून बघितलं, पुन्हा उणे.

धावत साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं झालं, वेळेत कळलं. बाकीच्यांचं थांबवतो."

"बाकीच्यांचं म्हणजे?"

"एकाला काढलं ना मागच्या आठवड्यात. तुमच्या त्या पहिल्या ईमेलवरून."

तो ईमेल म्हणजे नुसता सहसंबंध, दोन ओळींचा, पण त्यात मी ‘वयामुळे’ असं लिहिलं होतं. गप्प बसायचं मी विसरले होते. "त्यांना परत बोलवा," म्हटलं. साहेब म्हणाले, "बघू. आता बोलावलं तर आपणच चुकलो असं होतं."

संध्याकाळी गेटवर तोच काढलेला ड्रायव्हर उभा होता, करंजाड्याला राहणारा, आपले कागद न्यायला आलेला. मला बघून पुढे आला. "मॅडम, तुमी शिकलेल्या. आमची काय चूक झाली तेवडी तरी बघून सांगा. माज्या नावावर येक पन अपघात नाय."

उद्या मी साहेबांना लेखी कळवणार आहे, मग ते ऐकोत न ऐकोत. पण त्या माणसाला काय सांगितलंस, हे तुम्ही आधी विचारलं असतंत. मी म्हटलं, "साहेबांना विचारते हं, काका." तो हात जोडून गेला. हे पत्र कुठेच जाणार नाही म्हणून लिहिते. ईमेल माझा होता, हे मी त्याला सांगितलं नाही.