काट्याच्या खोलीतली वायर

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची वर्ध्याला. पिपरी मेघेत देवकाबाईंच्या घरातली वरची खोली मिळाली, खिडकीशी पेरूचं झाड. सामान पाहून त्यांनी विचारलं, एवढंसंच? अन् पोरगी काऊन नाई आणली? म्हटलं, सुरभी पुण्याला शिकते.

नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये, नेटवर्क सांभाळायची. सगळीकडे रुई उडते. डबा खाईपर्यंत केस पांढरे झाले. मॅनेजर प्रभाकरराव म्हणाले, घ्या मॅडम, पह्यल्याच दिवशी म्हातारपन. सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा. सुरभीचे बाबा, भूपेंद्र, गेल्यापासून हसायचं आठवावं लागतं.

ही रोजनिशी ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिते आहे. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर लगेच सर्व्हरवर जाऊन जपून राहील.

५ नोव्हेंबर

इथल्या सगळ्या वायरी एका स्विचमध्ये येतात. कोणतं मशीन कोणत्या दारावर, म्हणजे पोर्टवर आहे, हे ती पेटी ऐकून लक्षात ठेवते. एकाच मशीनचा पत्ता दोन दारांवरून आला, तर जो शेवटी बोलला तो तिच्यासाठी खरा. गप्प बसलेल्याला ती थोड्या वेळाने विसरते. म्हणून मी प्रत्येक दारावर सक्ती केली: आधी मशीनमधलं ओळखीचं सर्टिफिकेट दाखवा, मग आत या.

कापसाच्या गाड्यांचं वजन करतात त्या काट्याच्या खोलीतला जुना संगणक सर्टिफिकेट दाखवू शकेना. प्रभाकरराव ओरडत आले, गाड्यांची रांग रोडवर गेली मॅडम, तुमची ओळखपरेड मंग करजा! शेवटी त्या दाराला सूट दिली. तपासायला माझा लॅपटॉप तिथे जोडला होता, त्यालाही दिली. उद्या काढीन.

८ नोव्हेंबर

हल्ली आवाज चोरून फोन करतात, म्हणून सुरभीने हट्टाने एक खूण ठरवली. शंका आली की विचारायचं, बाबांनी शेवटचं काय मागितलं होतं? उत्तर, बोरं. ती म्हणाली, आई, तू काहीतरी बोल ना गं. मी जेवलीस का विचारून फोन ठेवला.

१२ नोव्हेंबर

माझा लॅपटॉप माझ्या टेबलावर. स्विच दाखवतो, काट्याच्या खोलीत.

सूट काढायची राहिली होती, आता काढली. थोड्या वेळाने तोच पत्ता त्याच दारावरून परत आला. या वेळी सर्टिफिकेट दाखवून. माझं.

खोलीत जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. प्रत्येक वस्तूवर रुईचा थर, खुर्ची मात्र स्वच्छ. बसून उठल्यासारखी.

भीती वाटायला हवी. दार लावून जागेवर येऊन बसले, एवढंच.

१४ नोव्हेंबर

घरी आले तर देवकाबाई दारातच. म्हणाल्या, अवं, तू तं मघाशीच आलती, चहा पेली, किती बोलली! पुन्हा काऊन बाहीर गेलती? मग म्हणाल्या, हासत होती तू. बरं वाटलं मले.

ओट्यावर दोन कप. एक माझ्या सवयीने पालथा घातलेला.

१६ नोव्हेंबर

मी लॅपटॉपवर काही करत नसले की स्विचवर काट्याच्या खोलीत ती दुसरी दिसते. मी टाइप करू लागले की पत्ता माझ्या दारावर परत येतो, ती जाते. म्हणून लिहीत राहायचं. काय लिहू —

१७ नोव्हेंबर

सुरभीला फोन केला. तिने लगेच विचारलं, बाबांनी शेवटचं काय मागितलं होतं?

बोरं.

ती म्हणाली, ते जुनं झालं. आईने काल बदललं. उद्या मी तिच्याकडेच जाते आहे. कोण बोलतंय?

मी म्हटलं, मी. मीच. तिने फोन ठेवून दिला.

उद्या ती इथे येते आहे. आईकडे —

१८ नोव्हेंबर

सुरभीच्या आधी ती वायर काढायला हवी.

मी टेबलावरून उठले तर लिहिणं थांबेल, म्हणून प्रभाकररावांना फोन लावला. काट्याच्या खोलीत जा, वायर ओढा. फोन स्पीकरवर ठेवून लिहिते आहे. लिहीत राहायचं.

ते म्हणतात, मॅडम, तुम्ही तं इथंच बसून हाय. मंग फोनवर कोन बोलून राह्यलं?

म्हटलं, मी. ओढा.

तिकडे कुणीतरी हसलं. माझा आवाज. किती दिवसांनी ऐकला.

आता ते म्हणतात, ह्या मॅडम म्हनतेत, ही नाई, ऑफिसातली वायर ओढा. म्हणजे माझी. स्विचपाशी जातो म्हणतात.

ती शेवटी बोलली. मी बोलत राहते. सुरभी, बोरं. बोरंच गं. कुणी काहीही बदललं तरी बाबांनी तुझ्या —