कुटलेला प्रसाद

बाई, आज शनिवार. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शनिवारी खलबत्ता काढताना मी तुमच्या नावाने कुरकुरतेच, कारण मनगट दुखतं. मारुतीपुढचे फुटाणे अंगणवाडीतल्या पोरांना आणून द्यायचे ही गावाची रीत, आणि ते कुटून, गूळ घालून, मगच पोरांच्या हातावर ठेवायचे ही तुमची. गाव हसायचं. बाई देवालाही कुटतात, म्हणायचं. तुम्ही ढिम्म.

मी तेव्हा नवी मदतनीस, आणि तुमच्या शिस्तीने जेरीस आलेली. पाण्याच्या पिंपावर झाकण आणि झाकणावर दगड. खिचडीचं गरम पातेलं पोरांच्या खोलीत आणायचं नाही. कापडाचं गाठोडं मांडीवर पालथं घालून, पोराच्या घशात काही अडकलं तर पाठीवर थापा कुठे मारायच्या ते तुम्ही दाखवत होता, आणि मी हसू दाबत होते. एकदा एका पोराचा गुडघा खरचटला. एवढ्याशासाठी आईला कशाला सांगायचं, असं मी म्हटलं, तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. "आयेला दिसायच्या आदी आपन सांगायचं गं. येकदा लपवलंस, तर उद्या ती पोर कोनाच्या भरवशावर ठेवील?" दुपारी मग तुमच्या डब्यातली अर्धी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्यापुढे सरकवलीत. मी फुगलेलीच होते, पण खाल्ली.

त्या शनिवारी तुम्ही कर्जतला मीटिंगला गेला होता. फुटाणे आले, पोरं मागे लागली, मला कुटायचा कंटाळा आला. तसेच वाटले. दोन वर्षांची ती पोर, टपोऱ्या डोळ्यांची, हसता हसता गप्प होते. रडत नाही, खोकत नाही, ओठ निळे पडतायत. मी तिला मांडीवर पालथी घालते आणि तुमच्या गाठोड्यावर मारल्या तशा थापा मारते. चौथ्या की पाचव्या थापेला फुटाणा जमिनीवर पडला आणि तिने भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी नंतर कधी ऐकलं नाही. मग सगळ्यांच्या मुठी सोडवल्या, खोली झाडली. तिची आई न्यायला आली, पोर दमलेली दिसते म्हणाली. खूप खेळली, मी म्हटलं. संध्याकाळी तुम्ही कर्जतहून जीपने आलात आणि सगळं बरं ना, असं विचारलंत. बरं, म्हटलं. पुढे निवृत्त होताना तुम्ही हाच खलबत्ता माझ्या हातात दिलात. आता तू हायस, मला घोर नाय, म्हणालात. तेव्हा सगळ्या बायकांसमोर मी रडले, आणि सगळ्यांना वाटलं तुमच्या मायेने रडले. मायेनेही रडले, बाई, ते खोटं नाही.

ती पोर गावातच दिली. आता तिचा मुलगा माझ्याकडे येतो. आज माझी नवी मदतनीस कुटता कुटता वैतागली, हा काय खुळेपणा म्हणाली, अगदी माझ्याच तोऱ्यात. म्हणून मी तिला त्या शनिवारची गोष्ट सांगितली. फक्त गाव दुसरं केलं आणि मदतनीसही दुसरी. सांगून मान वर केली तर ती मुलगी दारात, लेकाला न्यायला आलेली. सगळं ऐकलं होतं तिने. "मंग तिच्या आयेला सांगितलं का नाय?" तिने विचारलं. नसावं, मी म्हटलं. तिने लेकाला कडेवर घेतलं, त्याच्या ओठाला लागलेला गूळ पदराने पुसला.

"तुमी सांगितलं असतं, बाई," ती मला म्हणाली आणि गेली.

पोरं गेल्यावर इथेच, रिकाम्या खोलीत, लिहायला बसले. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि खरं तर ते तुमचं नाहीच. ज्यांचं आहे त्या आईलेकी इथून चार घरांवर, शेजारीशेजारी राहतात. त्यांच्या दारावरून मी रोज जाते. आज मात्र घरी लांबच्या वाटेने जाणार आहे.