टाकीच्या तोंडाशी

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला तुमच्या जहाजाच्या टाकीतला रंगाचा पापुद्रा प्रयोगशाळेत तपासला. वरून चकचकीत, मागे गंजाचा थर. रंगातून थोडं पाणी, थोडा ऑक्सिजन झिरपतोच. एकदा रंग सुटला की लोखंड गंजतं, आणि गंजताना हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. उघड्यावर तो भरून येतो. जहाजाच्या तळाशी झाकण आवळून ठेवलेल्या टाकीत कुठून येणार? टाकी रिकामी दिसेल, वासही येणार नाही, आणि उतरलेला माणूस कोसळेल. हवेतला ऑक्सिजन मोजल्याशिवाय कुणीही आत जाऊ नका. तू हसशील, ठाऊक आहे. पण माझ्या जिवाला घोर लागलाय.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी धाकटी

८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी कपाटात लपलीस तरी गुदमरायचीस, आता माझ्या टाकीत गुदमरतेयस! आज झाकण उघडलं, ऑक्सिजनचा मीटर टाकीच्या तोंडाशी धरला, हवा अगदी झकास. आमची पद्धतच ती. उद्या गंज खरवडायला उतरू. आधी जोडीदार, मग मी. इतकी वर्षं तोच पुढे असतो. माझं पोट भोकात अडकेल म्हणतो लेकाचा. तुझी वहिनी मात्र तुझं पत्र वाचल्यापासून माझ्याशी धड बोलत नाही.

माया पातळ करू नकोस.

तुझा दादा

१२ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकू नकोस, हे सुखरूप आहेत. ह्यांचं लिहिण्यात लक्ष लागत नाही म्हणून मी लिहितेय. मीटर तळापर्यंत सोडा, हे सांगणारं तुझं दुसरं पत्र काल आलं. तोवर सगळं होऊन गेलं होतं.

तोंडाशी बाहेरची हवा होती, खाली नव्हती. जोडीदार तळाशी पोचताच पडला. हे त्याच्यामागे उतरायला धावले, तेव्हा दोघा वेल्डरांनी ह्यांना आडवं पाडून धरलं. ह्यांनी एकाचा ओठ फोडला, तरी त्यांनी सोडलं नाही. मोठा पंखा लावून आत हवा भरली, मगच त्याला वर काढलं.

तो जिवंत आहे, पण बायकोला अजून ओळखत नाही. हे दिवसभर त्याच्या खाटेशी बसतात. ‘हवा चांगली आहे असं मीच त्याला सांगितलं,’ एवढंच पुटपुटतात. त्या वेल्डरांचं तोंड बघणार नाही म्हणतात.

मी मात्र काल ह्यांना न सांगता त्या दोघांच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण दारातच रडू फुटलं.

लवकर ये. माझ्या वाटणीचा लोभही सध्या ह्यांनाच दे.

तुझी वहिनी