गावं हरवलेल्या माश्यांची वाटणी

मी, खाली सही करणारा, दादाचा धाकटा भाऊ, धंदा भटकणे, आज पूर्ण शुद्धीत आहे. उद्या सकाळी डॉक्टर ही शुद्ध काही तासांसाठी काढून घेणार आहेत. परत देण्याची हमी त्यांच्या कागदावर दिसली नाही, म्हणून ही व्यवस्था आजच, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. (शेजारच्या खाटेवरचे काका घोरताहेत, ते दडपणात धरू नये.)

१. घर, जमीन नाही. तंबू आणि सायकल दादाला. दादा ओरडतो फार. मी गोळा केलेल्या बऱ्याच माश्यांच्या अंगावरही गांधीलमाशीसारखे पट्टे असतात आणि नांगी नसते. हे त्याला वाचून दाखवावे.

२. माश्यांची पेटी. या माश्या फुलापुढे हवेत एका जागी तरंगतात. सगळ्या एकाच कुळातल्या, जाती वेगळ्या. एक सपाटीवर कुठेही भेटते, एक दलदल सोडत नाही, आणि केसाळ काळी माशी झाडं संपतात तिथून वर भेटते. (तिथे माझा एक बूट राहिलाय, तो विषय वेगळा.) बेटावरची आणि डोंगरावरची तर दिसायला जुळ्याच. कोण कुठली, हे फक्त टाचणीखालच्या चिठ्ठीवरून कळतं. वहिनीने पेटी साफ केली तेव्हा मळक्या चिठ्ठ्या फेकल्या आणि माश्या शाळेच्या फोटोसारख्या उंचीप्रमाणे लावल्या. म्हटलं, "वहिनी, यांची गावं गेली." ती म्हणाली, "भावोजी, मेल्यावर कुठलं गाव?" त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं बंद केलं.

संग्रहालयवाले बिनगावाची माशी घेत नाहीत. सबब पेटी वहिनीला. आठवली ती गावं मागच्या पानावर आहेत, चिठ्ठ्या तिनेच लावाव्यात. जुळ्यांचं मला सांगता येत नाही. तिथे अंदाज न करता "गाव माहीत नाही" लिहावं.

३. साक्षीबाबत. वहिनी साक्षीदार ठरली होती. आली, माझ्याकडे न बघता पेन घेतलं. काका कोर्टात कारकून होते. म्हणाले, "बाई, ज्याला यात काही मिळतं, त्याने सही करू नये."

"मला काय मिळतंय?" म्हणत तिने कागद ओढला, उभ्यानेच वाचला.

"'माहीत नाही' असलं मी काही लिहिणार नाही," ती म्हणाली. "बरे झालात की बेटावर, डोंगरावर परत जा आणि बघून या."

वारसाने घातलेली अट मृत्युपत्रात बसत नाही, असं काका म्हणतात. तरी लिहिली आहे, आणि मला मान्य आहे.

सही: धाकटा
साक्षीदार: १. शेजारच्या खाटेवरचे काका २. ड्युटीवरच्या सिस्टर
स्थळ: वॉर्ड, खिडकीजवळची खाट
दिनांक: रविवार, ऑपरेशनचा आदला दिवस